पांढरे ओघळ, तांबडे ओघळ

नांदेडहून लोह्याकडे निघणारा रस्ता न सोडता धरून ठेवला, तर तो माणसाला समुद्रावर नेऊन सोडतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट, साखरपा, हातखंबा आणि शेवटी रत्नागिरीचे मिऱ्या बंदर. सरकारी नकाशावर याला तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळे क्रमांक आहेत, तुळजापूरपर्यंत ३६१ आणि सोलापूरपासून पुढे १६६. लोक मात्र याला सरळ रत्नागिरी–नागपूर महामार्ग म्हणतात. परीक्षा संपल्या की मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे तुळजाभवानी, अंबाबाई, जोतिबा आणि गणपतीपुळे अशी यात्रा-सहल एकत्र बांधून याच रस्त्याने निघतात. मुलांना समुद्र बघायचा असतो, मोठ्यांना दर्शन घ्यायचे असते. पूल मात्र कोणीच बघत नाही. तो चाकाखालून निघून जातो, सांध्यावर ‘धड्-धड्’ असा आवाज होतो, बस.

या प्रवासात एक नवलाची गोष्ट घडत असते. नांदेडला आपण गोदावरी ओलांडतो, लातूरच्या अलीकडे मांजरा, माचणूरजवळ भीमा, अंकलीला कृष्णा आणि कोल्हापुरात पंचगंगा. आपण पश्चिमेच्या समुद्राकडे चाललेलो आणि या पाचही नद्या उलट दिशेने, पूर्वेच्या समुद्राकडे. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून ऐंशी किलोमीटरवर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. आंबा घाट उतरलो की पहिल्यांदा आपण आणि पाणी एका दिशेने जाऊ लागतो. तिथून पुढच्या नद्या वेगळ्याच स्वभावाच्या. नदीचा स्वभाव बदलला की पुलाचे म्हातारपणही बदलते, आणि मला सांगायचे आहे ते हेच.

आपल्याकडच्या नद्या लांब, संथ, वर्षातले कित्येक महिने अर्ध्या कोरड्या. लातूरला वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला साडेपाच हजारांहून जास्त. त्या महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावर कृष्णा उगम पावते आणि सावित्रीही. कृष्णा पूर्वेला वळते आणि १४०० किलोमीटर रमतगमत जाते. सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून झेप घेते आणि जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीला लागते. उंची तीच, पाऊस तोच, पण एकीला उतरायला अख्खे दख्खनचे पठार मिळाले आणि दुसरीला महाडपर्यंतची अरुंद पट्टी.

आता हे पाणी काय करू शकते ते बघा. वाहते पाणी किती वजनाचा दगड ढकलू शकेल, याचा एक जुना नियम आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम हॉपकिन्स या इंग्रज गणितज्ञाने तो मांडला. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर हलवता येणाऱ्या दगडाचे वजन दुप्पट होत नाही, चौपटही नाही. ते चौसष्ट पट होते. वेग तिप्पट झाला, तर सातशे एकोणतीस पट. काल ज्या ओढ्यात पाच किलोचा धोंडा जागचा हलत नव्हता, तिथे आज वेग दुप्पट होताच तीनशे वीस किलोचा धोंडा गडगडू लागतो. पुराच्या रात्री नदीकाठच्या गावांत पाण्याच्या आवाजाखाली एक घुमणारा खोल आवाज ऐकू येतो, तो नदीच्या तळाचे दगड चालू लागल्याचा असतो.

पाणी पुलाच्या खांबावर आदळते, तेव्हा आपल्याला फक्त समोर उसळलेला फेस दिसतो. खरा उद्योग खाली चालतो. खांबाने अडवलेले पाणी खांबालगत खाली सूर मारते, तळाला आपटते, तिथे भोवरा धरते आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेच्या आकारात फिरत पुढे जाते. जाताना पायथ्याची वाळू, गाळ, गोटे उचलून नेते. पायाभोवती खड्डा पडतो. पूर जितका मोठा, तितका खड्डा खोल. आणि पूर ओसरू लागला, वेग मंदावला की तीच नदी तो खड्डा नव्या भुसभुशीत गाळाने भरून टाकते. उन्हाळ्यात तपासायला गेलेल्या माणसाला तळ सपाट दिसतो, खांब ताठ दिसतो. ज्या मातीवर खांब उभा होता ती माती मात्र केव्हाच बाणकोटच्या खाडीत पोचलेली असते. नदी स्वतःच्या हाताने पुरावा बुजवते. स्थापत्यशास्त्रातली याहून थक्क करणारी आणि याहून भयंकर गोष्ट मला माहीत नाही.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल मुसळधार पावसात, अंधारात कोसळला. १९२८चा दगडी कमानींचा पूल. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली अशा दोन एसटी बस आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. नौदलाचे पाणबुडे उतरले, मोठाले लोहचुंबक दोरखंडाला बांधून तळ धुंडाळला गेला, तरी पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवडा उलटला. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीला सुरक्षित ठरवला गेल्याचे सरकारने नंतर सांगितले. मे महिना! नदी सर्वांत शांत असते, तळ सर्वांत सपाट दिसतो तो महिना. माझ्या मते दोष कोणा एकट्याच्या डोळ्यांचा असण्यापेक्षा या वेळापत्रकाचा आहे. पुलाचा पाया पुराच्या आधी बघायचा असतो, पण पूर गेल्यावर, गाळाखाली उतरून, दुसऱ्यांदाही बघायचा असतो. जवळचाच समांतर नवा पूल त्या रात्री शाबूत राहिला. पडलेल्याच्या जागी अवघ्या १६५ दिवसांत दुसरा पूल बांधून ५ जून २०१७ला तो खुला झाला. एवढ्या झपाट्याने पूल बांधता येतो, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, जुने दगडी पूल पाडूनच टाकावेत. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण दगडी कमानीच्या पोटात आहे.

एक साखळी दोन हातांत धरून सैल सोडा. ती मधे झोळ घेऊन लोंबते. तिच्या प्रत्येक कडीवर फक्त ताण आहे, दाब कुठेच नाही. हाच आकार उलटा केला, तर त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर फक्त दाब येईल, ताण कुठेच येणार नाही. रॉबर्ट हूक याने १६७५ साली ही गोष्ट अक्षरांची उलटापालट करून, कोड्यात लपवून छापली होती. दगडाला ताण फारसा सोसत नाही, दाब मात्र भरपूर सोसतो. म्हणून कमान. कमानीचे दगड एकमेकांना दाबत राहतात आणि वजन वाढले की आणखी घट्ट बसतात. बैलगाड्या आणि पहिल्या-वहिल्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या कमानींवरून आज तीस-चाळीस टनांचे ट्रक जातात, ते याच जोरावर. कमानीचे स्वतःचे वजनच इतके असते की वरून गेलेला ट्रक तिच्या हिशेबात फार मोठा नसतो.

दगडांमधला चुनाही काही कमी गुणी नाही. कमानीला बारीक भेग पडली आणि तिथून पावसाचे पाणी झिरपले, तर ते वाटेत थोडा चुना विरघळवून घेते आणि भेगेतच पुन्हा साठवते. भेग आपोआप सांधली जाते. जुन्या पुलाखाली उभे राहून वर पाहिले की कमानीच्या पोटावर पांढरे ओघळ आणि कधीकधी बोटभर लोंबणारे चुन्याचे सुळके दिसतात, ते या व्यवहाराचे. थोडे असतील तर पूल स्वतःची डागडुजी करतो आहे. फार झाले असतील आणि सांधे पोकळ दिसत असतील, तर त्याच्याजवळचा चुना संपत आला आहे. तिथे दुसरा शत्रू घुसतो, पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले मोहरीपेक्षा लहान बी सांध्यात रुजते आणि काही वर्षांत त्याचे मूळ घडीव काळा दगड जागचा हलवते. पुलावरचे रोपटे हातभर असतानाच मुळासकट काढणे हे पूल-देखभालीतले सर्वांत स्वस्त काम आहे, आणि सर्वांत जास्त तेच राहून जाते.

कोल्हापुरातला पंचगंगेवरचा शिवाजी पूल असाच काळ्या दगडाचा. शहरातून पन्हाळा–रत्नागिरी रस्त्याला लागताना पिढ्यान्‌पिढ्या लोक याच्यावरून गेले. २०१८ साली तो सुमारे १४० वर्षांचा होता. त्या वर्षी २६ जानेवारीच्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि तेरा जण गेले. कमान जागची हलली नव्हती. कमी पडला तो कठडा आणि कमी पडली ती रुंदी. शेजारीच पर्यायी पूल अर्धवट उभा होता. जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या संरक्षित अवशेषांमुळे पुरातत्त्व कायद्याच्या परवानगीत तो वर्षानुवर्षे अडकला होता, तो या अपघातानंतर मार्गी लागला. पूल म्हातारा झाला म्हणजे दरवेळी त्याचे हाड मोडते असे नाही. कधी हाड शाबूत असते, पण बैलगाडीच्या बेताने बांधलेल्या अंगावरून आपण रात्री अकरा-बारा वाजता भरधाव वाहने नेत असतो.

सिमेंट-काँक्रीटच्या पुलाचे म्हातारपण अगदी निराळे. दगडी पुलाला पाणी खालून पोखरते, काँक्रीटला आतून.

काँक्रीटलाही ताण सोसत नाही, म्हणून ताण येतो तिथे पोलादी गज घालतात. लोखंड हवेत गंजते, मग काँक्रीटच्या आत का गंजत नाही? कारण सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते आणि त्या वातावरणात गजावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ संरक्षक थर तयार होतो. तो थर टिकेल तोवर गज पन्नास-शंभर वर्षेही नव्यासारखा राहतो. पण खाडीवरच्या वाऱ्यात मीठ असते. मिठातले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून कण-कण आत सरकते, आणि एक दिवस गजापर्यंत पोचून तो थर फोडते. गंज धरू लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा लागते, आणि काँक्रीटच्या आत जागा असतेच कुठे? गज फुगतो, वरचे काँक्रीट आतून फोडतो, तडा जातो, त्या तड्यातून आणखी मीठ आणि पाणी शिरते. पुलाच्या तुळईखाली तांबडे-तपकिरी ओघळ दिसू लागतात ते या टप्प्याला.

आणखी एक गंमत अशी की खाडीच्या पाण्यात कायम बुडालेला भाग फारसा गंजत नाही, कारण तिथे प्राणवायू जेमतेम पोचतो. खरा धोका भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, काही तास ओला आणि काही तास कोरडा राहणाऱ्या भागाला. तेच मांजरेवर, लातूरच्या कोरड्या हवेत, तेवढ्याच वयाचा गज कितीतरी सावकाश म्हातारा होतो. आपल्याकडच्या पुलाला दुसरे दुखणे असते, उन्हाचे. चाळीस मीटर लांबीचा काँक्रीटचा गाळा तीस अंशांनी तापला, तर तो सुमारे चौदा मिलिमीटर लांब होतो. पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत पूल असा हलत असतो. त्या हालचालीसाठी दोन गाळ्यांमध्ये फट सोडतात आणि खाली रबराच्या गाद्या ठेवतात. गाडीत आपल्याला ‘धड्-धड्’ ऐकू येते ते या फटींवरून जाताना. डांबरीकरणाच्या वेळी ही फट डांबराने बुजवून टाकली की उन्हाळ्यात पुलाला सरकायला जागाच उरत नाही, आणि पावसाळ्यात पाणी नेमके गाद्यांवर उतरते.

गोव्यात पणजीला एकाच ठिकाणी दोन पूल होते, आणि त्यांची हकीकत कळल्यावर मी बराच वेळ तिच्यावरच विचार करत राहिलो. पणजीहून रायबंदरला जाणारा पोर्तुगीजांच्या काळातला लांबलचक सेतू मांडवीच्या काठाने, दलदलीतून, सुमारे तीन किलोमीटर जातो. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारेस याच्या कारकिर्दीत १६३३–३४मध्ये तो जांभ्या दगडात बांधला गेला. शिवाजी महाराज तेव्हा लहान होते. त्याच्यावरून आजही बस आणि मोटारी जातात. त्याच्या अगदी जवळ, मांडवीच्या मुख्य पात्रावर, १९७०च्या सुमारास पूर्वताणित काँक्रीटचा नवा कोरा पूल झाला. ५ जुलै १९८६ला त्याचा गाळा नदीत कोसळला. खारट हवेने त्यातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजवल्या होत्या. साडेतीनशे वर्षांचा शेजारी उभा आणि जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा पाण्यात! तुलना पूर्ण न्यायाची नाही, हे खरे. जांभ्याचा सेतू बुटका आहे, दलदलीवर पाय रोवून बसलेला आहे, मांडवीच्या खोल पात्रावर तो झेप घेऊ शकला नसता. पण त्याच्यात गंजायला लोखंडच नाही, ही गोष्ट उरतेच. तिकडे रामेश्वरला पांबनचा १९१४चा पोलादी रेल्वे पूल समुद्राच्या तोंडावर १०८ वर्षे चालला, कारण त्याच्या रंगकामाचा आणि भाग बदलण्याचा हात कधी थांबू दिला नाही. शेवटी डिसेंबर २०२२मध्ये त्यावरून गाड्या थांबवल्या आणि ६ एप्रिल २०२५ला नवा पूल सुरू झाला.

म्हणजे पुलाचे खरे वय जन्मसालात शोधू नये. त्याची जागा, त्याचे साहित्य आणि त्याच्याकडे फिरकणारी माणसे यांतून ते ठरते.

त्या फिरकणाऱ्या माणसांचे पहिले हत्यार आजही साधी हातोडी आहे. मडके घेताना टिचकी मारतो तशी काँक्रीटवर हातोडी मारत जायचे. टणक, खणखणीत आवाज आला तर आतून धड, बद्द आवाज आला तर वरचा थर गजापासून सुटलेला. सोनार लहरींनी नदीचा तळ पाहता येतो, खांब केसभर कलला तरी कळवणारी यंत्रे बसवता येतात, पण हातोडीची ही फेरी नियमित झाली तरी पुष्कळ पूल वेळीच सापडतील.

गर्दीबद्दलही एक समजूत दुरुस्त करण्यासारखी आहे. नाताळच्या सुट्टीत किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोकणच्या पुलांवर वाहने मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा वाटते, निदान पुलाला तरी आराम असेल. लांब पुलाच्या बाबतीत उलट असते. समजा दोन पदरी, शंभर मीटरचा पूल आहे. ट्रक वेगाने जात असतील, तर मधे अंतर सुटते आणि एका वेळी पुलावर चार ट्रक मावतात. तेच खोळंबून एकामागे एक चिकटून उभे राहिले, तर वीस. तीस टनांचा एक धरला तर १२० टनांच्या जागी ६०० टन. लहान गाळ्याला वेगाने आदळणारा एकच भरलेला ट्रक जास्त त्रास देतो, लांब गाळ्याला थांबलेली रांग. म्हणून मोठ्या पुलाच्या अलीकडे पोलिसांनी ट्रक अडवले, तर त्यांच्यावर चिडू नये.

आणि आपल्या गावाकडचे फरशी पूल. नांदेड-लातूरच्या ओढ्या-नाल्यांवर ते जागोजाग आहेत, आणि पाऊस झाला की पाणी वरून वाहणार हे गृहीत धरूनच ते बांधलेले असतात. एक टन वजनाची लहान मोटार साधारण सहा चौरस मीटर जागा व्यापते. तिच्या तळाच्या वर फक्त सतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून कमी पाणी चढले की आत पाणी शिरेपर्यंत ती तरंगू लागते. चाकांची पकड सुटते, आणि मग ओढा तिला हवे तिकडे नेतो. पुढचा ट्रॅक्टर निघाला म्हणून आपली मोटार निघेल, हा हिशेब इथेच चुकतो.

सांगलीत कृष्णेवर १९२९चा आयर्विन पूल आहे. पूर आला की सारे शहर विचारते, ‘आयर्विनला किती फूट?’ २०१९च्या महापुरात ते पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पुलावर रंगवलेले आकडे लहान पोरालाही वाचता येतात आणि त्या आकड्यांवर घरे रिकामी होतात. माहिती उघड्यावर लिहिली की ती माणसे वाचवते, याचा हा जुना दाखला आहे. तेवढेच प्रत्येक पुलाबाबत करावे: पुलाच्या तोंडाशी एक पाटी, तिच्यावर बांधल्याचे वर्ष, किती टन चालतात, पूर ओसरल्यावर पाया शेवटचा कधी तपासला त्याची तारीख, आणि तपासणाऱ्या कार्यालयाचा फोन क्रमांक. आपापल्या ग्रामसभेत आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात ही मागणी लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.